कूलरच्या टपातला डास आणि महिन्याची वर्गणी: लोकांची पैसे मोजण्याची तयारी आणि खर्चाचा फायदा कसा मोजायचा

नागपुरात नवतपा संपतो, मृगाचे शिंतोडे पडतात, कूलर बंद होतात आणि टपातलं पाणी तसंच राहतं. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाला याहून जास्त काही लागत नाही. अंड्यापासून उडता डास तयार व्हायला या हवेत साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून टप आठवड्यातून एकदा रिकामा करायचा, आणि नुसता रिकामा करून भागत नाही. अंडी टपाच्या कडांना चिकटून कोरडी राहूनही टिकतात, त्यामुळे कडा घासाव्या लागतात. हे बहुतेक घरांना माहीत असतं. दर आठवड्याला करणार कोण, एवढाच प्रश्न असतो.

समजा, ४०० घरांच्या एका लेआउटमधल्या नागरिक मंडळाने ठरवलं की जुलै ते नोव्हेंबर दोन माणसं ठेवायची. ती दर आठवड्याला घरोघर जाऊन कूलर, ड्रम, कुंड्यांखालच्या बशा, गच्चीवरचे टायर तपासतील, घासून कोरडे करतील. त्यासाठी महिन्याला वर्गणी घ्यायची. आता दोन प्रश्न उभे राहतात. लोक किती पैसे मोजतील? आणि तेवढ्याच पैशात दुसरं काही केलं असतं त्यापेक्षा डेंग्यू किती जास्त टळेल? पहिला प्रश्न पैसे मोजण्याच्या तयारीचा, दुसरा खर्च-परिणामकारकतेचा. मंडळाच्या बैठकीत एकाचं उत्तर दुसऱ्याच्या जागी वापरलं जातं. ‘लोक पैसे देत नाहीत, म्हणजे गरज नाही’ हे जितकं चूक, तितकंच ‘उपाय चांगला आहे, म्हणजे लोक देतीलच’ हेही चूक.

खालचे लेआउटचे सगळे आकडे हिशोब दाखवण्यासाठी धरलेले आहेत. पद्धत तीच ठेवून तुमचे आकडे घाला.

पायरी १: काय विकताय ते नेमकं लिहा

‘डासमुक्त परिसरासाठी तुम्ही किती द्याल?’ या प्रश्नाचं उत्तर घेऊच नका. त्यात वस्तू काय ते कळत नाही, आणि न कळलेल्या वस्तूची किंमत म्हणजे सदिच्छा. प्रश्नात पाच गोष्टी हव्यात: कोण येणार, किती वेळा, किती महिने, काय करणार आणि काय करणार नाही. धूर फवारणी यात नाही, घरातल्या झुरळांचा बंदोबस्त नाही, डेंग्यू अजिबात होणार नाही अशी हमीही नाही. पैसे कसे घेणार तेही सांगा. महिन्याची वेगळी पावती, की मंडळाच्या वार्षिक वर्गणीत भर? दरमहा ५० रुपये आणि हंगामाचे एकदम २५० रुपये ही रक्कम एकच, पण माणूस दोन्हींना सारखं उत्तर देत नाही. प्रत्यक्षात जसे घेणार असाल, तसंच विचारा.

शेवटी पर्यायाची आठवण करून द्या: टप तुम्ही स्वतःही घासू शकता, आणि हे पैसे घरखर्चातूनच जाणार आहेत.

पायरी २: भाव विचारू नका, भाव सांगा

इथे जरा थांबू, कारण बहुतेक सर्वेक्षणं इथेच बिघडतात.

सरळ पद्धत वाटते ती अशी की ‘किती द्याल?’ विचारावं आणि आकडा लिहून घ्यावा. पण इतवारीत आणि सीताबर्डीवर भाव करून वाढलेला माणूस पहिला आकडा नेहमी कमीच सांगणार. त्याचा तो आकडा बोलीची सुरुवात असते. पाहुण्यासमोर कंजूष दिसू नये म्हणून एखादी काकू उलट भरमसाठ आकडाही सांगेल. १०० म्हटल्यावर ‘बरं, १५०?’ असं चढवत नेलं तर पहिला आकडा खुंट्यासारखा रुततो आणि सगळी उत्तरं त्याच्याभोवती फिरतात.

त्यापेक्षा प्रत्येक घराला एकच भाव सांगा आणि हो की नाही एवढंच विचारा. माणूस दुकानात रोज हाच निर्णय घेतो. १९८९ साली अलास्काच्या किनाऱ्यावर एक्सॉन वाल्डेझ जहाजातून तेल सांडलं. त्या नुकसानीची किंमत लोकांना विचारून काढता येईल का, हे ठरवायला अमेरिकी सरकारी संस्थेने केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या नोबेल विजेत्यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ मंडळ नेमलं. त्यांनी १९९३ साली हाच सल्ला दिला: मतदानासारखा हो-नाहीचा प्रश्न विचारा, बजेटची आठवण द्या, आणि उत्तर काढताना सावध बाजूने काढा.

करायचं असं. आधी पंधरा-वीस घरांत मोकळा प्रश्न विचारून भावांचा अंदाज घ्या. यातले आकडे हिशोबात धरायचे नाहीत, फक्त पट्टा ठरवायचा. समजा २०, ५०, १००, १५०, २०० असे पाच भाव ठरले. प्रत्येक भावाच्या ४० चिठ्ठ्या, एकूण २००, एका पिशवीत घाला. एक सोडून एक घर घ्या आणि दारात जाण्याआधी चिठ्ठी काढा. मोठं घर पाहून मोठा भाव सांगायचा मोह सर्वेक्षकाला होतोच, चिठ्ठी त्यालाच आवरते.

वेळेचंही पाहा. मे महिन्यात दुपारी कुणी दार उघडत नाही, आणि सकाळी अकराला घरी कोण असतं ते वेगळंच. संध्याकाळी सात ते नऊ बरं. हंगामही महत्त्वाचा. शेजारच्या घरातलं पोर प्लेटलेट कमी झाल्या म्हणून भरती असताना सप्टेंबरात विचारलेला प्रश्न आणि एप्रिलात विचारलेला प्रश्न एक नाही. वर्गणी जूनमध्ये मागणार असाल तर जूनमध्येच विचारा.

पायरी ३: तोंडी ‘हो’ आणि पावतीचा ‘हो’

काल्पनिक प्रश्नाला लोक खऱ्यापेक्षा जास्त वेळा हो म्हणतात. यावर तीन उपाय आहेत, आणि मी तिसऱ्याला सगळ्यात जास्त मानतो.

पहिला म्हणजे प्रश्नाआधी वाचून दाखवायचा मजकूर: ‘वहिनी, असं विचारलं की पुष्कळ लोक हो म्हणतात आणि प्रत्यक्ष पैसे द्यायची वेळ आली की मागे सरतात. तुम्ही नाही म्हणालात तरी आम्हाला चालेल. खरंच पावती फाडायची आहे असं समजून सांगा.’ दुसरा म्हणजे हो म्हणणाऱ्याला लगेच विचारणं की शून्य ते दहात किती खात्री? आठच्या खालचा हो, नाहीत मोजा. तिसरा, सरळ पावती फाडा. पाच-दहा टक्के घरांत ‘पहिल्या महिन्याचे आत्ताच घेऊ का?’ विचारलं की तोंडी आणि खऱ्या होकारातला फरक हाती येतो. सेवा सुरू झाली नाही तर पैसे परत, हे पावतीवरच लिहा आणि पाळा.

वस्तू विकायची असेल, समजा कूलरच्या टपावर बसणारी जाळी, तर बेकर, डीग्रूट आणि मार्शाक यांनी १९६४ साली मांडलेली युक्ती कामाला येते. ग्राहकाने आपला जास्तीत जास्त भाव कागदावर लिहायचा. मग पिशवीतून एक भाव काढायचा. निघालेला भाव त्याच्या आकड्याइतका किंवा कमी असेल तर त्याने निघालेल्या भावाने जाळी घ्यायची, जास्त असेल तर मिळणार नाही. लिहिलेल्या आकड्यावर त्याची किंमत ठरत नाही, म्हणून कमी किंवा जास्त लिहून त्याला काही मिळत नाही. समजावून सांगायला वेळ लागतो. आधी पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर एक फेरी खेळून घ्या.

पायरी ४: ‘नाही’चे प्रकार वेगळे करा

नाही म्हणणाऱ्याला कारण विचारलंच पाहिजे. नागपुरात हमखास येणारं उत्तर म्हणजे, ‘काहून देऊ भाऊ? टॅक्स भरतो ना आम्ही! हे काम महापालिकेचं.’ हा माणूस सेवेची किंमत शून्य सांगत नाही, तो पैसे घेण्याच्या पद्धतीला विरोध करतोय. याउलट ‘आमच्याकडे कूलर नाही, कुंड्या नाहीत’ हा खरा शून्य. ‘पटतंय, पण या महिन्यात जमणार नाही’ हा तिसराच. तिन्ही वेगळे लिहा. विरोधाचे नकार हिशोबातून काढून एकदा आणि ठेवून एकदा, असं दोनदा मांडा. निवडक काढून टाकले तर आकडा फुगतो आणि बैठकीत कुणीतरी तो पकडतो.

तिसऱ्या नकाराबद्दल एक गोष्ट पुढे लागणार आहे. पैसे मोजण्याची तयारी ही खिशाच्या आत राहूनच व्यक्त होते. धरमपेठेतल्या बंगल्याचा २०० रुपयांचा हो आणि पलीकडच्या वस्तीतला २० रुपयांचा हो यांवरून कुणाला डेंग्यूची जास्त भीती आहे ते ठरत नाही. याच कारणाने मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डाबाहेर बसलेल्या नातेवाइकाला असले प्रश्न विचारू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. तो गहाण ठेवता येईल तेवढा आकडा सांगेल, त्याला औषधाची किंमत म्हणता येत नाही. हृदयातल्या स्टेंटचे भाव पूर्वी लाखाच्या पुढे जात होते ते याच हतबलतेवर. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने औषधाचा लेप असलेल्या स्टेंटला २९,६०० आणि साध्या, बिनलेपाच्या स्टेंटला ७,२६० रुपयांची कमाल मर्यादा घातली.

पायरी ५: हो-नाहीतून रक्कम काढा

समजा प्रत्येक भावाच्या ४० घरांतून हे होकार आले:

२० रुपये: ३६ घरं, म्हणजे ९० टक्के
५० रुपये: ३० घरं, ७५ टक्के
१०० रुपये: १८ घरं, ४५ टक्के
१५० रुपये: १० घरं, २५ टक्के
२०० रुपये: ४ घरं, १० टक्के

भाव वाढला की होकार कमी व्हायला हवेत. कुठे १५० ला १०० पेक्षा जास्त निघाले तर त्या दोन गटांची घरं एकत्र करून एकच टक्केवारी काढा.

सरासरीचा सावध अंदाज काढायला संगणकाची गरज नाही. प्रत्येक टप्प्याची वाढ गुणिले त्या भावाचे होकार: २० × ०.९० = १८, ३० × ०.७५ = २२.५०, ५० × ०.४५ = २२.५०, ५० × ०.२५ = १२.५०, ५० × ०.१० = ५. बेरीज ८०.५०. म्हणजे सरासरी घराची तयारी महिन्याला किमान ८० रुपये. निम्मी घरं जिथे हो म्हणतात तो भाव ५० आणि १०० च्या मध्ये, सरळ रेषेने ९२ च्या आसपास. हा ८० पेक्षा वर दिसतो याचं कारण पहिला अंदाज मुद्दाम तळाचा आहे. ५० ला हो म्हणणारा ९५ देईल की नाही हे माहीत नाही, म्हणून तो ५० च धरला.

४० घरांच्या गटात ४५ टक्के निघाले तर खरा आकडा ३० ते ६० मध्ये कुठेही असू शकतो. म्हणून ८० रुपये ५० पैसे असं बैठकीत सांगू नका, ‘८० च्या आसपास’ म्हणा.

आता खरी गंमत. दर घरामागे जमणारा पैसा: २० ला १८, ५० ला साडेसदतीस, १०० ला ४५, १५० ला पुन्हा साडेसदतीस, २०० ला २०. दुकानदार १०० चाच भाव लावेल. पण १०० ला निम्म्याहून जास्त घरं बाहेर राहतात, आणि एडिस फार दूर उडत नसला तरी शेजारच्या भिंतीपलीकडे सहज जातो. जाळी विकताना सर्वांत जास्त गल्ला देणारा भाव शोधायचा, डास कमी करताना सर्वांत जास्त घरं आणणारा. पहिलं काम करणाऱ्या दुकानदाराला चार प्रश्नांची एक सोपी पद्धतही आहे: किती रुपयांना ही जाळी इतकी स्वस्त वाटेल की दर्जाचाच संशय येईल, किती रुपयांना परवडणारी, किती रुपयांना महाग पण विचार करण्यासारखी, आणि किती रुपयांना नकोच. त्यातून भावाचा पट्टा मिळतो, मागणी किती ते कळत नाही.

पायरी ६: खर्च लिहा, आणि तो कुणाचा तेही

एक माणूस दिवसाला ३५ घरं, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे २१०. चारशे घरांना दोन माणसं. महिन्याला प्रत्येकी १४,००० धरले तर पाच महिन्यांचे १,४०,०००. ब्रश, टॉर्च, हातमोजे, नोंदवह्या १०,०००. देखरेखीला ३०,०००. एकूण १,८०,०००. देखरेख मंडळातले काका फुकट करणार असले तरी तो वेळ खर्चातच धरा. पुढच्या वर्षी काका नसतील.

टळणारा खर्चही मोजायचा. समजा डेंग्यूच्या १०० रुग्णांत ८५ ओपीडीत बरे होतात, प्रत्येकी ४,०००, आणि १५ भरती होतात, प्रत्येकी ४०,०००. सरासरी ९,४००. वर बुडालेली सहा दिवसांची मजुरी, ६०० ने ३,६००. एका रुग्णामागे १३,०००. हा आकडा संपूर्ण समाजाच्या नजरेने आहे. भरतीचं बिल महात्मा फुले योजनेतून किंवा विम्यातून गेलं तर कुटुंबाची बचत कमी आणि सरकारची जास्त. कुणाच्या नजरेने हिशोब, हे पहिल्या ओळीत लिहिलं नाही तर तोच कागद दोन उलट निष्कर्ष देतो.

पायरी ७: जादा पैशाला जादा फायदा किती

पर्याय खर्चाच्या चढत्या क्रमाने मांडा. काहीच जास्तीचं केलं नाही तर हंगामात लेआउटमध्ये २४ रुग्ण होतात असं धरू.

अ) पत्रकं आणि दर रविवारी व्हॉट्सॲपवर ‘कोरडा दिवस’ची आठवण: २०,००० रुपये, ४ रुग्ण टळतात.
ब) खाजगी धूर फवारणी: १,२०,००० रुपये, ५ टळतात. धुराने उडते डास मरतात, टपातल्या अळ्या राहतात, म्हणून परिणाम थोडा धरलाय.
क) घरोघर तपासणी: १,८०,००० रुपये, १२ टळतात.

क ला एका रुग्णामागे १५,००० खर्च, असं सांगून लोक मोकळे होतात. हा भागाकार निर्णयाचा नाही. अ तर स्वस्तात होणारच आहे, मग अ वरून क वर जाताना काय मिळतं ते पाहा: १,६०,००० रुपये जास्त, ८ रुग्ण जास्त टळले, म्हणजे एका जादा रुग्णामागे २०,०००. अ वरून ब वर गेलं तर एका जादा रुग्णामागे चक्क १,००,०००, आणि ब वरून क ला साडेआठ हजार. मधला पर्याय पुढच्यापेक्षा महागात पडतोय, म्हणून ब यादीतून काढा आणि क ची तुलना थेट अ शी करा. फवारणीचं यंत्र गल्लीतून आवाज करत जातं, लोकांना काम दिसतं, म्हणून तिला मागणी असते. हिशोबात ती टिकत नाही.

टळलेला १३,००० चा खर्च वजा केला तर ८ रुग्णांचे १,०४,००० वाचले. उरले ५६,०००, म्हणजे जादा रुग्णामागे निव्वळ ७,०००.

पायरी ८: डेंग्यूची तुलना दुसऱ्या आजाराशी करायची असेल तर

इथे रुग्णांऐवजी क्वाली लागते, म्हणजे जगण्याच्या दर्जाने तोललेलं वर्ष. दर्जा मोजायला ईक्यू-५डी ही प्रश्नावली सर्रास वापरतात: चालणं-फिरणं, स्वतःची देखभाल, रोजची कामं, वेदना, चिंता किंवा उदासी. पाच पातळ्यांच्या आवृत्तीत यातून ३,१२५ अवस्था होतात.

पूर्ण निरोगी म्हणजे १, मृत्यू म्हणजे ०. समजा १४ दिवस दर्जा ०.९ वरून ०.४ वर आला: ०.५ × १४ ÷ ३६५ = ०.०१९. मृत्यूही धरायला हवा. हजार रुग्णांत एक धरला आणि त्याची राहिलेली ४० वर्षं दरसाल ३ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणली तर ती २३ होतात, म्हणजे रुग्णामागे ०.०२३. एकूण ०.०४२. मग ७,००० भागिले ०.०४२, सुमारे १ लाख ६७ हजार रुपये एका क्वालीला. मृत्यूचा आकडा शून्य केला तर तोच भागाकार ३ लाख ६८ हजारांवर जातो. अख्खा निर्णय एका गृहीतकावर लटकलाय, हे कागदावर ठळक लिहा.

तुलना कशाशी? केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाखाली २०१७ पासून आरोग्य तंत्रज्ञानाचं मूल्यमापन होतं. त्यात एका क्वालीला किती खर्च चालेल यासाठी दरडोई देशांतर्गत उत्पन्नाची पट्टी वापरली जाते. आपण गोल २ लाख धरू. १ लाख ६७ हजार त्याच्या आत बसतात, पण ही पट्टी लोकांना विचारून आलेली नाही. तिला पैसे मोजण्याची तयारी समजू नका. एकेकाळी दरडोई उत्पन्नाच्या तिपटीपर्यंतची पट्टी सर्रास वापरली जायची. त्या मापाने जवळजवळ काहीही ‘परवडणारं’ ठरतं.

पायरी ९: कुठे फिसकटतं ते शोधा

२ लाखांची पट्टी × ०.०४२ = रुग्णामागे ८,४०० पर्यंत चालेल. क ने अ पेक्षा किती जास्त रुग्ण टाळले तर खर्च या मर्यादेत बसतो? १,६०,००० भागिले (१३,००० + ८,४००), म्हणजे साडेसात. आपण आठ धरलेत. एक रुग्ण कमी टळला तर क बाद. म्हणून पहिल्या हंगामात फक्त अर्ध्या गल्ल्यांत सेवा सुरू करा, गल्ल्या चिठ्ठीने निवडा, आणि दोन्हीकडे महिन्याला अळ्या मोजा: किती टक्के घरांत अळ्या सापडल्या आणि १०० घरांमागे अळ्यांची भांडी किती. अळ्या कमी झाल्या की रुग्ण त्याच प्रमाणात कमी होतीलच असं नाही, पण अळ्याच कमी झाल्या नाहीत तर पुढचा हिशोब करायची गरज उरत नाही.

वर्गणी ५० ठेवली तर ७५ टक्के घरांकडून पाच महिन्यांत ७५,००० येतात. खर्च १,८०,०००. १०० ठेवली तरी ९०,०००. प्रत्येक घराकडून त्याच्या पूर्ण तयारीइतके काढता आले तरी सावध अंदाजाने १,६१,००० च होतात. म्हणजे लोकांच्या खिशातून ही सेवा उभी राहत नाही, आणि ती करण्यासारखी मात्र काठावर का होईना ठरते. माझा कल ५० ची वर्गणी, पण तपासणी न देणाऱ्यांच्या घरीही, याकडे आहे. उरलेल्या १,०५,००० साठी महापालिकेच्या झोन कार्यालयात अर्ज करताना एकच पान जोडा: दर भावाचे होकार, विरोधाचे नकार वेगळे, अ आणि क ची तुलना, आणि साडेसात रुग्णांची ती ओळ.